मोरपंखी साडी

घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहणारी सत्यभामा एका गोल्फ क्लबात झाडलोट करायची. तिथल्याच कोचनी हौसेनं शिकवलेल्या तिच्या लेकीनं, प्रियदर्शिनीनं, यंदा भल्याभल्या मेंबरांच्या पोरांना हरवून ज्युनिअर कप जिंकला.

बक्षीस समारंभाला आईलाही स्टेजवर बोलावलं होतं. सत्यभामानं भावानं दिलेली, ठेवणीतली मोरपंखी साडी काढली, गजरा माळला आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच मेंबरांच्या दारानं आत गेली. नव्या वॉचमननं तर तिला न ओळखता सलामच ठोकला. सत्यभामाला हसू आवरेना.

आत सेक्रेटरी मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच बाजूला घेतलं.

"ताई, पेपरवाले आलेत, कपासोबत तुम्हा मायलेकींचा फोटो काढणारेत. ही साडी बदलून पटकन ड्यूटीचा युनिफॉर्म घालून या ना."

सत्यभामाचा चेहरा उतरला. पदर सारखा करत तिनं घाबरत विचारलं, "साडी वंगाळ दिसतीया का ओ, मॅडम?"



"छे हो! उलट इतकी शोभून दिसतेय, की फोटोत तुम्ही आमच्यातल्याच वाटाल."