तीन इंची नळी

जगातली शेवटची पिस्तुलं वितळवायच्या दिवशी भट्टीवरच्या मुकादमाने सुमतीबाईंच्या दिवंगत नवऱ्याने, भास्कररावांनी घडवलेलं पिस्तूल यंत्रावर तपासलं.

"आजी, गोळीचा वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आत असेल, तरच आठवण म्हणून घरी नेता येतं. याचा अडीचशे भरतोय. नळी इंचभर कापू? दात काढलेल्या सापासारखं उशाशी राहील."

आखूड नळीत दारू पुरती जळत नाही, गोळी मंद सुटते, म्हणून भास्करराव आतल्या पीळदार खाचांशी पंधरा वर्षं झुंजले होते. वेग साधला त्या दुपारी त्यांनी कारखान्यातल्या सगळ्या खात्याला मिसळ चारली होती.

सुमतीबाईंनी नळी उजेडाकडे धरून आतले पीळ डोळे भरून पाहिले.

"कापू नकोस, बाबा. त्यांचं काम अर्धं उरण्यापेक्षा अख्खं जाऊ दे," म्हणत त्यांनी पिस्तूल स्वतःच्या हाताने भट्टीत सोडलं.