सान मार्टिनोची नवी वाईन

मक्याच्या पिठाचा पोलेन्टा पातेल्याच्या बुडाला लागला होता. करपल्याचा वास पार जिन्यापर्यंत गेलेला, आणि इनेस वाढताना कोणाकडे बघत नव्हती.

रेमोने दोन घास कसेबसे गिळले. "आज तुझं लक्ष कुठे होतं ते मला ठाऊक आहे," तो बायकोला म्हणाला.

एवारिस्तोने मात्र ताट पुसून खाल्लं आणि पुन्हा पुढे केलं. त्याच्या बायकोने, क्लेलियानेही मुकाट्याने संपवलं.

"शीक जरा," इनेस नवऱ्याला म्हणाली. "माणसं अशी असतात."

एवारिस्तो मिलानमध्ये जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला. तो आणि क्लेलिया दरवर्षी नोव्हेंबरात, सान मार्टिनोच्या सणाला, तळ्याकाठच्या बार्दोलिनो गावी यायचे आणि रेमोच्या घरची वरची खोली घ्यायचे. उन्हाळ्यातली गर्दी ओसरलेली असते, तळं शांत असतं, आणि सणाला गावभर नव्या वाईनची पिंपं उघडतात, चेस्टनट भाजतात. पहिल्यांदा आले तेव्हा एवारिस्तो मोठ्या तापातून उठलेला, नुसता सापळा. डॉक्टरने हवापालट सांगितला होता. इनेसने सूप पाजून पाजून त्याला माणसात आणलं. त्या उपकाराची दोघांना इतकी जाण, की सुट्टीसाठी दुसऱ्या गावाचं नाव त्यांच्या घरात निघत नसे.

यंदा रेमोच्या द्राक्षमळ्यात लाल फिती बांधलेल्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. तिथे हॉटेल उठवायचं म्हणून एका कंपनीने मोजणी केली होती. जमिनीचे व्यवहार इथे सान मार्टिनोलाच जोडायचे नाहीतर तोडायचे, ही जुनी रीत. संध्याकाळी कंपनीचा माणूस उत्तराला येणार होता.

"दोन वर्षं गारांनी झोडपलं," रेमो म्हणाला. "यंदा वेलींनी धीर धरला, तर माझाच सुटला. तोरिनो शहरात राहणारा आमचा मुलगा म्हणतो, विकून टाका. ही तर काही बोलतच नाही."

"माझ्या बापाने लावल्यात वेली," इनेस म्हणाली. "मी काय बोलणार?"

"म्हणून मी ठरवलंय. नवी वाईन चांगली उतरली असेल तर मळा ठेवायचा. नसेल तर देऊन टाकायचा. आणि ते तुम्ही सांगायचं, मायेस्त्रो." चवीचा उस्ताद म्हणून रेमो एवारिस्तोला मायेस्त्रो म्हणायचा.

एवारिस्तोचा घास हातातच राहिला. "मी? अरे, तू चाखलीस ना?"

"चाखली. पण आपला तो बाब्या. माझा भरवसा तुमच्या जिभेवर. पहिल्या गारांच्या वर्षी अख्खं गाव वाहवा करत होतं. तुम्ही एकट्याने सांगितलंत, रेमो, ही आंबली आहे, बाजारात नेऊ नकोस. माझं नाव वाचलं त्या वर्षी."

एवारिस्तोने क्लेलियाकडे पाहिलं. ती रुमालात शिंकत होती. आल्या दिवसापासून तिला तळ्यावरचा वारा बाधला होता.

जेवण उरकून रेमो एवारिस्तोला पिंपातली वाईन चाखायला तळघराकडे घेऊन निघाला. दाराशी क्लेलियाही मागोमाग आली, तसा रेमोने हात आडवा केला. "वहिनी, राग मानू नका. नवी वाईन पिंपात असताना बाईमाणसाने खाली उतरायचं नाही. नासते ती. सासऱ्याच्या वेळेपासूनची शिस्त आहे."

"रिकामी पिंपं घासायला मात्र बाईमाणूस चालतं," इनेस मागून म्हणाली.

एवारिस्तो पहिल्याच पायरीवर अडला. "रेमो, बायकोच्या आधी मी कधी घोट घेतलेला नाही. आता म्हातारपणी नेम मोडायला लावू नकोस."

"केस पिकले, तरी अजून नवरदेवच," रेमो हसला. या नेमावरून तो दरवर्षी त्याची थट्टा करायचा. "बरं, मी वर घेऊन येतो."

त्याने ग्लास आणून टेबलावर ठेवला. आता कोणीच हसत नव्हतं. इनेस भिंतीला टेकून उभी होती, एप्रन मुठीत आवळून.

क्लेलियाने घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला. तिची नजर इनेसवर गेली आणि तिथेच थांबली. मग तिने ग्लास नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, नेहमीसारखी.

एवारिस्तोने ग्लास उजेडात धरून फिरवला, प्याला, डोळे मिटले.

"चेरी," तो म्हणाला. "चांगली पिकलेली. आणि गिळल्यावर मागाहून मिरी, चिमूटभर. रेमो, मळा ठेव."

इनेस मटकन खुर्चीत बसली आणि एप्रनमध्ये तोंड लपवून रडली. संध्याकाळी कंपनीच्या माणसाला रेमोने भाजलेल्या चेस्टनटची पुडी दिली आणि दारातूनच निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघाले. इनेसने क्लेलियाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि नव्या वाईनची बाटली एवारिस्तोच्या हाती दिली. बस मळ्यावरून गेली तेव्हा रेमो खुंट्या उपटत होता आणि इनेस त्या चुलीत घालायला गोळा करत होती. दोघांनी हात हलवले. एवारिस्तो बस वळेपर्यंत हात हलवत राहिला.

"त्या सुपाचे उपकार काही फिटायचे नाहीत," तो म्हणाला. "पण आज जरा हलकं वाटतंय." त्याने मांडीवरच्या बाटलीवर हात फिरवला. "आता खरं सांग, क्लेलिया. खरंच इतकी चांगली होती? त्या तापाने चव नेली ती नेलीच, मला पाणी काय आणि वाईन काय. तू कानात सांगतेस तेवढंच मी बोलतो."

क्लेलियाने नाक शिंकरलं.

"मला काय माहीत? आल्यापासून नाक ठार बंद आहे. इनेसच्या तोंडाकडे बघितलं आणि चेरी म्हणाले."