मर्दुमशुमारी

अनुसयाच्या वरच्या ओठावरचं रक्त कडेनं काळं पडलं होतं, मध्ये अजून ओलं होतं. रक्त कडेकडून आत सुकत येतं. म्हणजे मार ताजा होता. खेमराज गुरुजींनी उंबऱ्यावरूनच ते पाहिलं, नजर खाली घेतली आणि तिथेच बसून पेनचं टोपण काढलं.

एकाहत्तर साल. भरवेलीच्या खाणीच्या मजूर लाइनीत जनगणना चालू होती. अनुसयाचा नवरा चैतराम खाणीतून येऊन खाटेवर बसला होता. मँगनीजची काळी धूळ त्याच्या पापण्यांवर तशीच होती.

"मर्दुमशुमारी हाय ना गुरुजी? मंग मर्दाले विचारा. हिले काहून उभी केली?"

"मर्दुम म्हणजे माणसं, चैतराम. बायकाही त्यात आल्या."

"आल्या असतीन. बोलन मीच."

आणि तोच बोलत राहिला. बायकोचं नाव, माहेरचं गाव. वय त्यानं पंचवीस सांगितलं.

"तीस," अनुसया म्हणाली.

तो उठला. अंबाडा धरून त्यानं तिचं डोकं चौकटीवर आपटलं. वरून माती झडली, गुरुजींच्या कागदावर पडली. तो परत खाटेवर बसला. "हं. लिहा."

"आटपा ना मास्तर," आतून सासू ओरडली. "भात थंडा होऊन राह्यला."

गुरुजींनी कागदावरची माती झटकली. उठून चैतरामला धरायला हवं होतं. ते उठले नाहीत, बोलू लागले.

"मर्दुमशुमारीला सेन्सस म्हणतात, तो शब्द लॅटिन आहे. ट्रेनिंगमध्ये साहेबांनी सांगितलं. मूळ अर्थ, किंमत ठरवणं. रोममध्ये घरधनी अधिकाऱ्यापुढे उभा राहून सांगायचा, घरात बायको, मुलं, गुलाम, गुरं किती ते."

"बायको गुरांच्या संगं?" चैतराम मांडीवर थाप मारून हसला. "हुशार लोक होते बाप्पा!"

गुरुजींनी खजील होऊन कागदावरचा पुढचा प्रश्न जसाच्या तसा वाचला. "विवाहित, विधवा, की विभक्त?"

"विभक्त म्हंजे?" अनुसयानं विचारलं.

"टाकलेली."

तिनं पदर ओठावर दाबला. भाजीत मीठ कमी पडलं की चैतराम म्हणायचा, टाकून देईन. पोटातलं मूल गेलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता. त्या लाइनीत नवरे टाकत, बायका टाकल्या जात. किरनापूरच्या तिच्या मावशीला टाकलं होतं. लग्नाकार्यात मावशीला खरकट्या भांड्यांपाशी बसवत. कितीदा अनुसयानं लुगड्यांचं गाठोडं बांधलं होतं आणि त्या एका शब्दाच्या भीतीनं परत सोडलं होतं.

"ध्यानात ठेव तो शब्द," चैतराम तिला म्हणाला. "आज ना उद्या तोच लिहा लागन."

"त्या लॅटिन शब्दाच्या मुळाचा आणखी एक अर्थ आहे," गुरुजी म्हणाले. आता ते तिच्याकडे बघत होते. "आपलं मत बोलून दाखवणं. ज्याचं त्यानं सांगावं, मी तेच लिहिणार. बाई, तुम्ही सांगा."

चैतरामनं दाराशी रचलेल्या जळणातलं लाकूड उपसलं. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला. ती गुडघ्यावर आली. दुसरा तिनं दोन्ही हातांनी झेलला. साल तळव्यांत घुसली, बोटांमधून रक्त आलं. त्यानं लाकूड ओढलं, लाथ घातली, पुन्हा ओढलं. तिनं सोडलं नाही. ते धरूनच ती उठून उभी राहिली.

"टाकलेली नाई, गुरुजी," ती म्हणाली. "लिहा. म्या टाकलं याले."