लग्नाची रजा

या व्यवहारात ताईला मिळणार होता एक भाऊ. नवा नव्हे, जुनाच, तोंडाळ, उसनं घेतलेलं कधी परत न करणारा, पण जिवंत. त्याबदल्यात द्यायचं होतं एक मूत्रपिंड आणि कामाचे काही आठवडे. मूत्रपिंड तिचं स्वतःचं होतं, त्यामुळे तो प्रश्न तिने एकाच संध्याकाळी सोडवला. आठवडे लॉन्ड्रीचे होते.

"आजारी आहात?" हेडक्लार्कने विचारलं.

"आजारी असते तर डॉक्टरांनी घेतलंच नसतं. ठणठणीत आहे म्हणून तर चाललंय सगळं."

"मग ठणठणीत माणसाला आजारपणाची रजा कशी देऊ? बिनपगारी गेलात तर तुमच्या जागी दुसरी बाई उभी राहील." माणूस वाईट नव्हता. त्याने नियमांवरून बोट फिरवलं. "भाऊ वारला तर पाच दिवस आहेत. भरपगारी."

"तो वारू नये म्हणूनच रजा मागतेय हो."

"त्याला कलम नाही." मग तो छताकडे बघत म्हणाला, "स्वतःच्या लग्नाला मात्र तीन आठवडे आहेत. पत्रिका वगैरे आम्ही मागत नाही."

मालक या बाबतीत हौशी. स्वतःचंच तीनदा झालेलं.

अशा रीतीने ताईने चाळिशीत लग्न केलं.

बाविसाव्या दिवशी ती कामावर आली. बरगडीखालचा टाका चालताना ओढत होता. दीड महिना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दीड महिन्याचं लग्न कुठल्याच नियमात बसत नव्हतं. इस्त्रीवालीला सगळं ठाऊक होतं. ओले गठ्ठे मी उचलीन, तू नुसत्या घड्या घाल, असं दोघींचं ठरलं होतं.

नेमक्या त्या दिवशी मालकीणबाई आल्या. तिसऱ्या. हातात नवरीसाठी साडीचा डबा.

"बघू तरी! अगं, वाळलीस की. नवरोजी करतात काय?"

"घरीच असतात," ताई म्हणाली. "झोपून."

"दिवसभर?"

"सध्या तरी."

"म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी!" बाई मनापासून हसल्या. बायकाही हसल्या, इस्त्रीवाली सोडून. "चला, आज पहिला गठ्ठा नवरीच्या हातानं. शुभ असतं."

मशीनचं दार उघडलं गेलं. आत हॉटेलच्या चादरी, पाणी पिऊन जड झालेल्या.

"मी घेते बाईसाहेब," इस्त्रीवाली पुढे झाली.

"तू का? लग्न झालंय तिचं, हात नाही मोडलेत."

काचेपलीकडे हेडक्लार्कचं पेन त्याच क्षणी खाली पडलं. ते शोधायला तो टेबलाखाली गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

ताईने इस्त्रीवालीकडे पाहिलं, नको म्हणून मान हलवली. एक शब्द बोलली असती तर तीन आठवड्यांचा पगार परत द्यावा लागला असता, आणि टेबलाखालच्या माणसाची नोकरीही गेली असती. ती वाकली. गठ्ठा छातीशी आला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला.

"बघा, लाजली!" बाई म्हणाल्या, आणि टाळ्या पडल्या.

मालकाने तीन आठवडे भरले, तेही लग्नाचे. भावाने काहीच भरलं नाही. त्याच्याकडे होतंच काय? बाकीचं ताईने उचललं आणि ओठ आवळून, सावकाश, इस्त्रीच्या टेबलापर्यंत नेलं.