सोमनाथचं उत्तर

चूक झाली तर मी आपणहून सांगतो.
सहमत / असहमत

बढतीच्या परीक्षेत शंतनूचं बोट माउसवर थांबलं. स्वतःचं खरं उत्तर त्याला माहीत होतं. ते दाबलं की सुपरवायझरची जागा गेली. सरळ सोमनाथच्या घशात.

सोमनाथ पलीकडच्याच खुर्चीवर होता. आपल्या पडद्यावरचे तेच प्रश्न बघत नखं कुरतडत होता.

फुलंब्रीहून रोज मोटरसायकलवर वाळूजच्या कारखान्यात येणारा हा माणूस. डिप्लोमा नाही, इंग्रजी नाही. तरी मशीन अडलं की पोरं "सोमनाथदादा" करत त्याच्याकडं धावायची. कँटीनमध्ये त्याच्या टेबलाला जागा मिळायची नाही. डिप्लोमावाला शंतनू भिंतीकडेला एकटा जेवायचा आणि तिकडं बघत राहायचा. तो कसा हसतो. चूक कशी कबूल करतो. ठेच्याचा डबा कसा पुढं सरकवतो. जळता जळता सगळं पाठ झालं होतं.

सोमनाथनं इथं काय उत्तर दिलं असतं?

सहमत.

मला येतं ते मी दुसऱ्याला शिकवतो.

सोमनाथ? हात धरून शिकवतो. सहमत.

दुसऱ्याला बढती मिळाली की मला आनंद होतो.

सोमनाथ तर पेढे वाटेल.

शंतनूनं दात आवळले. पूर्ण सहमत.

आठवड्यानं एचआरच्या मनस्विनी मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"अभिनंदन, शंतनू. लाइनवर असाच स्वभाव हवा होता." मग त्या सोमनाथकडं वळल्या. आवाज उतरला. "तुमची उत्तरं बघून मलाच धक्का बसला. चूक लपवणारा. कुणाला काही न शिकवणारा. दुसऱ्याचं चांगलं न बघवणारा. असं आलंय."



बाहेर आल्यावर सोमनाथनं शंतनूचा हात दोन्ही हातांत घेतला. "लई भारी झालं, भाऊ."

शंतनूला हात सोडवून घ्यायचा होता.

"मला कुठं येतंय असल्या परीक्षेतलं," सोमनाथ म्हणाला. "म्हणलं, आपल्यात हुशार कोण? शंतनूभाऊ. मग दर सवालाला इचार केला, भाऊ इथं खरंखरं काय सांगतील."

शंतनूनं त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता.

"तेच दाबत गेलो, साहेब. मग तुम्ही पास, अन् मी नापास कसा?"