टांग्याचा हिसका

"पहिले हिले बांधा, मंग मले," गिरधर पाटील बायकोकडे बोट दाखवून म्हणाले आणि त्यांनी आपला दंड उपरण्याखाली लपवला.

डॉक्टर नंदुरबारहून टांग्याने रनाळ्याला आले होते. कापडी पट्टा, रबरी फुगा आणि काचेच्या नळीतला पारा, असं रक्तदाब मोजायचं यंत्र गाव पहिल्यांदाच पाहत होतं. पाटलांचे वडील ऐन पन्नाशीत छाती धरून गेले, थोरला भाऊही पन्नाशीतच. पाटलांना एकोणपन्नासावं लागलं होतं. तेव्हापासून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढून टाकलं होतं.

कौसाबाईंनी हात पुढे केला. आमटीची चव बायकोने आधी घ्यायची, मीठ बरोबर असेल तर मग आपण, ही घरची रीतच होती. पारा सरसर चढला तो दोनशे दहावर. डॉक्टरांनी नळीला टिचकी मारली आणि निदान केलं: टांग्याचा हिसका बसून पारा उसळलाय. मग पाटलांना पट्टा बांधला. एकशे तीस. यंत्र ताळ्यावर आलं होतं.

डॉक्टरांचं संशोधन काही लहानसहान नव्हतं. हृदयविकार कशाने होतो, कुणाला होणार हे आधीच कसं ओळखायचं आणि तो टाळायचा कसा, एवढं सगळं त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी पंचक्रोशीतले साठ बागायतदार निवडले होते. सगळे पुरुष. बायकांनाही हृदय असतं हे डॉक्टरांना मान्य होतं, पण त्याला विकार कशाला होईल? वहीत प्रत्येकाचं वजन, तूप, तंबाखू, राग आणि बाप कितव्या वर्षी गेला, हे सारं लिहायचं होतं. पाटलांना धड काही आठवेना. मालक तूप किती खातात, झोपतात किती, दिवसातून किती वेळा संतापतात, सगळं कौसाबाईंनीच उंबऱ्याशी बसून सांगितलं.

मग पथ्य ठरलं. संतापायचं नाही, ओझं उचलायचं नाही, हवेशीर जागी राहायचं, जिना चढायचा-उतरायचा नाही. पाटील पथ्याचे पक्के. ते त्याच दिवशी माडीवर राहायला गेले आणि पुन्हा खाली उतरले नाहीत. कौसाबाई ताट-तांब्या घेऊन दिवसातून आठदा जिना चढू लागल्या. मिरचीच्या खळ्यावर गड्यांवर ओरडायचं कामही त्यांच्याकडेच आलं, कारण ते पाटलांच्या छातीला वर्ज्य होतं. मधल्या पायरीवर त्या थांबत आणि छाती दाबून धरत. पाटील वरून काळजीने विचारत, कढी गार तर होत नाही ना?

दर महिन्याला डॉक्टर आले की पट्टा आधी कौसाबाईंना. पहिली भाकरी तव्याला चिकटायचीच, तसा पहिला आकडा वाया जायचाच, हे आता डॉक्टरांना आणि पाटलांना पाठ झालं होतं. दोनशे दहा, दोनशे अठरा, दोनशे तीस. डॉक्टर तो आकडा समासात लिहीत, त्यावर काट मारत आणि पुढे शेरा देत: 'टांगा'. अभ्यासात चूक शिरलेली त्यांना खपत नसे.

आश्विनात कौसाबाई एकदा बोलल्या.

"यंतर चांगलं शे, डाक्टरसाहेब. मन्हामाच काही बिघडेल व्हई. जिना चढनू की छातीवर दगड ठेयेलसारखं वाटस."

डॉक्टर समजुतीने हसले. "बाई, हा रोग जबाबदारीच्या माणसांना होतो."

लोडाला टेकलेल्या पाटलांनी गंभीरपणे मान डोलावली. कौसाबाई खाली गेल्या. चहा करायचा होता आणि तो वरही आणायचा होता.

पौषात एका दुपारी त्या मधल्या पायरीवर टेकल्या त्या उठल्याच नाहीत. मांडीवरचं ताट तेवढं त्यांनी सांडू दिलं नव्हतं. गाव म्हणालं, अहेव गेली, नशीबवान. पाटील कितीतरी महिन्यांनी जिना उतरले. रडत, धडपडत, तीन-तीन पायऱ्या एकदम टाकत उतरले. त्यांच्या हृदयाला काहीही झालं नाही.

तेरावं झाल्यावर डॉक्टर आले. पाटील ओसरीवर बसले होते. वर राहायला आता जीव धजत नव्हता. डॉक्टरांनी यंत्र मांडलं आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. पाटलांनीही पाहिलं. हात पुढे करायला कुणीच आलं नाही, तेव्हा पट्टा थेट पाटलांच्या दंडाला बांधावा लागला. टांगा तोच होता, रस्त्यातले खड्डेही तेच.

पारा पहिल्याच खेपेला एकशे तीसवर येऊन उभा राहिला.