खालची ओळ

"नाना, परत खालचीच ओळ लागलीय," हितेंद्र म्हणाला. "हात लागतो का तुमचा?"

"लागत असेल," मोतीलाल म्हणाले.

साक्रीच्या त्या घरात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या हितेंद्रची ही चौथी फेरी. भुसावळहून येताना मोतीलालच्या मुलीने, रत्नाने, त्याला धुळ्याच्या स्टँडवरून सोबतच आणलं होतं. आज निकाल लावायचाच, असं ठरवून ती आली होती.

कॉम्प्युटर सुरू होताना लिनक्सच्या तीन कर्नेलची यादी पडद्यावर यायची. वर नवं, खाली दोन जुनी.

"कर्नेल म्हणजे मशीनचा कारभारी, ताई," हितेंद्र सांगत होता. "नवा आला तरी जुने घर सोडत नाहीत. गेल्या वर्षी डबा नवा घेतला, डिस्क जुनीच. नव्या डब्यातलं आवाजाचं कार्ड फक्त वरच्याला ओळखू येतं. खालची ओळ निवडली की मशीन मुकं. अन् शेवटी निवडलेली ओळच पुढच्या वेळी आपोआप लागते. मी दर वेळी वरची लावून जातो."

"अन् मी आले की मुकं!" रत्ना म्हणाली. "नाना, पन्नास माणसांची एसटी हाकली तुम्ही. एक ओळ सांभाळता येईना?"



आठ महिन्यांपूर्वी रत्नाची आई, कोकिळाबाई, गेल्या. दुपारी झोपेतच गेली, असं मोतीलालनी रत्नाला फोनवर सांगितलं होतं. ते पुढच्या खोलीत माइकवर भजनं भरायचे, आणि कोकिळाबाई स्वयंपाकघरातून मागे सूर धरायच्या. त्या गेल्या त्या दिवसाची एक फाइल मशीनमध्ये होती. रत्नाला ती तारखेवरून सापडली. आईचा शेवटचा आवाज. पेन ड्राइव्हवर नेते म्हटलं तर मोतीलाल म्हणाले होते, "नको. तिचा आवाज तिच्या घरातच ऐक."

"चुकून पुसली तर नाही ना, नाना?"

"ती कशी पुसू गं?"

रत्नाने हितेंद्रकडे पाहिलं. तो म्हणाला, "जुनी दोन्ही काढूनच टाकतो. मग हात लागायचा प्रश्नच नाही."

"एखादं ठेव रे," मोतीलाल म्हणाले. "अडचणीला जुनं असावं, तूच म्हणाला होतास."

"असावंच. पण तुमच्याकडे तीच अडचण झालीय."

मोतीलालनी खुर्चीची पाठ धरली. पडद्यावरून अक्षरं सरसर वर गेली. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. यादीत आता एकच ओळ होती. तिच्याखालच्या रिकाम्या काळ्या जागेकडे ते पाहत राहिले.

"मी चहा टाकतो," म्हणत ते वळले.

"चहा नंतर, नाना." रत्नाने त्यांचा हात धरून शेजारी बसवलं. "दोघं मिळून ऐकू."

तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हितेंद्रला मान हलवून खूण केली.

टाळ वाजले. मोतीलालचा चढा सूर खोलीभर झाला. मग लांबून, आतल्या खोलीतून, कोकिळाबाईंचा आवाज आला.

"आहो, आठे या ना. छातीमा दुखी राह्यनं."

टाळ थांबले नाहीत. माइकच्या अगदी जवळून मोतीलाल म्हणाले, "थांब वं. एवढं भजन व्हवू दे."